कॉम्प्रेशन चाचणी
जुन्या मोटारीच्या इंजिनातील दाबगळती शोधण्याची पद्धत. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन घाटात दमू लागले, की मेकॅनिक आधी कार्ब्युरेटर आणि प्लग पाहतो. तिथे दोष नसेल तर कॉम्प्रेशन.

इंजिन गरम करून चारही प्लग काढतात, कॉइलची जोडणी सोडतात, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात आणि एकेका सिलिंडरचा गेजवरचा आकडा टिपतात. आकडे जवळपास सारखे हवेत.

कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. काटा चढला, तर पिस्टन रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली. जागचा हलला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर बहुधा त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटलेले असते.