काळपुळी आणि ‘धंदा कोणता?’ हा प्रश्न



मी वैद्य नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दाराशी व वाचनालयाच्या बाकावर पुष्कळ, असे झालेले आहे. तेव्हा त्वचारोगाच्या निदानावर हा गृहस्थ काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु निदानाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, त्यात डॉक्टरांइतकाच मजुरांचाही वाटा आहे. ते प्रकरण सांसर्गिक काळपुळीचे, म्हणजेच अँथ्रॅक्सचे होय.

रोग मूळचा गुरामेंढ्यांचा. आपला शेतकरी त्याला फाशी म्हणतो. त्याचे जंतू बीजाणूंचे रूप घेऊन मातीत, केसांत, कातड्यांत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि माणसाच्या अंगावर नुसते खरचटलेले असले तरी तेथून आत शिरतात. प्रथम डास चावल्यासारखी पुळी येते व खाजते. एकदोन दिवसांत तिच्याभोवती पाण्याचे फोड धरतात, सूज चढते आणि मधोमध काळी खपली बसते. अँथ्रॅक्स हा मूळ ग्रीक शब्द कोळशाचाच वाचक आहे. यातली खरी मेख अशी की, एवढे होऊनही ती खपली दुखत नाही. न दुखणाऱ्या फोडासाठी रोजगार बुडवून दवाखान्यात कोण जाणार? उपचार न झाल्यास मात्र अशा शंभर रोग्यांपैकी वीसपर्यंत दगावतात.

जर्मनीतील एका लहान गावचा डॉक्टर रॉबर्ट कॉख याने १८७६ मध्ये या रोगाचे जंतू सिद्ध करून दाखविले. पण जनावरांच्या या रोगाशी गिरणीतल्या मृत्यूंचे नाते जुळले ते इंग्लंडातील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या शहरात. तुर्कस्तानातून मोहेर, पेरूतून अल्पाका अशा केसांच्या गासड्या तेथे येत. त्या फोडून केस निवडणारा धडधाकट माणूस दोनचार दिवसांच्या आजारात मरे. कोणी त्याला न्यूमोनिया म्हणे, कोणी रक्तदोष. काहींच्या अंगावर काळी पुळी दिसे. पण बीजाणू श्वासावाटे छातीत गेले असतील, तर कातडीवर काहीच खूण नसे. मजुरांनी मात्र त्या दुखण्याला केव्हाच ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’ असे नाव देऊन टाकले होते. त्यांचे ते निदान अचूक होते! डॉ. जॉन हेन्री बेल याने मृत मजुराचे रक्त प्राण्यांना टोचून पाहिले आणि १८८० च्या सुमारास हा रोग अँथ्रॅक्सच असल्याचे दाखवून दिले.

पुढे १९०५ मध्ये ब्रॅडफर्डला या रोगाच्या शोधासाठी मंडळ स्थापन झाले. त्याचे जंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रेडरिक यूरिक यांनी लोकरीचे चौदा हजारांवर नमुने तपासले. रक्ताचे डाग लागलेली लोकर सर्वांत घातक, हे त्यांनी दाखविले आणि लोकर निर्जंतुक करण्याची रीत शोधली. त्यावरून १९१९ मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि १९२१ मध्ये लिव्हरपूलला निर्जंतुकीकरणाचे केंद्र निघाले.

परंतु रोगाचे नाव कळले म्हणून भरपाई मिळतेच असे नाही. किडरमिन्स्टरच्या गालिच्यांच्या कारखान्यातील एक मजूर लोकर निवडताना डोळ्यात जंतू जाऊन मेला. मालकाचे म्हणणे असे की, भरपाईचा कायदा अपघातासाठी आहे, हा तर रोग! १९०५ मध्ये ब्रिटनच्या उमरावांच्या सभेने निकाल दिला की, जंतू डोळ्यात जाणे हाच अपघात होय. दुसऱ्याच वर्षी तेथील नव्या भरपाई कायद्याच्या यादीत अँथ्रॅक्स आला.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तिच्या पहिल्या काही शिफारशींत लोकर निर्जंतुक करावी ही एक होती. त्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते आपले नारायण मल्हार जोशी. पुढे १९२३ च्या आपल्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेही लोकर, केस व कातडी हाताळणाऱ्यांचा अँथ्रॅक्स हा धंद्यातला रोग मानला.

आता एक घरची गोष्ट सांगतो. कातड्यांच्या वखारीत हमाली करणाऱ्या आमच्या एका सोबत्याच्या मानेवर, जेथे ओझे घासते नेमके तेथेच, काळ्या खपलीचा फोड आला. दवाखान्यात चिठ्ठीवर ‘फोड’ एवढेच लिहिले गेले. औषधाने तो बरा झाला. पंधरा दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. मी भरपाईसाठी खेटे घातले, पण चिठ्ठीपुढे माझे काही चालेना. तो फोड काळपुळीचा होता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खपलीखालचा स्राव काचपट्टीवर घेऊन पाहिला असता, तर उलगडा झाला असता. तो पाहिला गेला नाही, कारण ‘तू काम काय करतोस?’ हे कोणी विचारलेच नाही.

इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० सालीच सांगून ठेवले होते की, रोग्याला वैद्याने आणखी एक प्रश्न विचारावा : तुझा धंदा कोणता? आज पेनिसिलिनसारखी औषधे आहेत. वेळीच ओळखली तर त्वचेवरील काळपुळी सहसा जीव घेत नाही. पण रोग दुर्मिळ झाला की तो ओळखणारी नजरही दुर्मिळ होते. आपल्या देशाच्या काही भागांत मेलेले जनावर सोलताना आजही माणसांना हा रोग जडतो. म्हणून श्रोतेहो, माझी विनंती एवढीच : डॉक्टरने विचारले तर उत्तमच, न विचारले, तर आपला धंदा आपण होऊन सांगा, आणि तो चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.