पंखातील भेग

जुन्या वाड्याच्या भिंतीला तडा गेला, की आपण वरून गिलावा देतो. तडा दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. विमानाच्या पंखाबाबतही अशी चूक घडली आहे.

प्रत्येक उड्डाणात पंख किंचित वर वाकतो आणि विमान उतरल्यावर पूर्ववत होतो. हजारो वेळा असे घडले, की धातू थकतो आणि बहुधा एखाद्या रिव्हेटच्या भोकापाशी केसासारखी भेग पडते.

१९ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतील मायामीहून बहामा बेटांकडे निघालेल्या ग्रुमन मॅलार्ड जलविमानाचा उजवा पंख निखळला. विमानातील वीसही जण मृत्युमुखी पडले. विमान १९४७ साली बांधलेले होते. पंखातच इंधनाची टाकी होती आणि वारंवार होणारी गळती आतील दुखण्याची सूचना देत होती. गळती बुजवली गेली, पत्र्याच्या भेगेवर ठिगळेही बसली. परंतु आतील आधारपट्टी तडकली होती, तिची नीट दुरुस्ती झालीच नाही.

खरी दुरुस्ती शोधापासून सुरू होते. रंगद्रव्य, क्ष-किरण किंवा विद्युत्प्रवाह यांच्या साहाय्याने भेगेचे टोक गाठावयाचे, आतील सांगाडा पाहावयाचा, निकामी भाग बदलावयाचा आणि मगच वरचा पत्रा जोडावयाचा.

२००७ मधील चौकशी-अहवालाने कंपनीच्या देखभालीबरोबरच देखरेख करणाऱ्या शासकीय खात्यालाही दोष दिला. आम्हां सरकारी नोकरांनी हे वाक्य विसरू नये. ठिगळावर सही करण्यापूर्वी त्याखाली काय आहे, हे विचारणे आमचेच काम आहे.