ऑक्साना बायूल: चौदा महिन्यांची कारकीर्द

युक्रेनची फिगर स्केटिंगपटू ऑक्साना बायूल हिने वरिष्ठ गटात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्या त्या चारच. जानेवारी १९९३ मध्ये हेलसिंकीची युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा, त्याच वर्षी मार्चमध्ये प्रागची जागतिक स्पर्धा, जानेवारी १९९४ मध्ये कोपनहेगनला पुन्हा युरोपियन आणि फेब्रुवारीत नॉर्वेतल्या लिलहॅमरचे हिवाळी ऑलिंपिक. या चार स्पर्धांत तिने दोन रौप्य आणि दोन सुवर्णपदके मिळवली आणि सोळाव्या वर्षीच हौशी स्पर्धांचा निरोप घेतला. एवढ्या थोड्या काळात एवढे यश मिळण्यामागे तिची गुणवत्ता होतीच. पण सोव्हिएत संघ मोडला तेव्हा त्याच्या क्रीडाव्यवस्थेतले कोण कुठे फेकले गेले आणि कोण टिकले, याचाही त्यात मोठा वाटा होता.

बायूलचा जन्म १६ नोव्हेंबर १९७७ रोजी द्नीप्रोपेत्रोव्स्क (आजचे द्नीप्रो) या औद्योगिक शहरात झाला. ती दोन वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. आई आणि आजी-आजोबांनी तिला वाढवले. स्टानिस्लाव कोरितेक हे तिथले तिचे प्रशिक्षक. सोव्हिएत काळात असे प्रशिक्षक सरकारी पगारावर असत. बर्फाचा रिंक, बॅलेचे शिक्षण, बूट, प्रवास हा सगळा खर्च राज्य उचलत असे आणि गुणी मूल हाती लागले की त्याच्या घरच्या परिस्थितीचा प्रश्न फारसा येत नसे. १९९१ साली ही व्यवस्था कोलमडली. त्याच वर्षी ऑक्सानाची आई कर्करोगाने गेली. आजी-आजोबा त्याआधीच वारले होते. पुढल्या वर्षी कोरितेक यांनाही कॅनडात काम मिळाले आणि ते निघून गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या वर्षांत ज्याला परदेशी बोलावणे आले तो गेलाच. मुलगी मात्र चौदाव्या वर्षी आई, घर आणि गुरू तिन्हींना पारखी झाली.

तिला आसरा मिळाला तो काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, प्रशिक्षिका गालिना झ्मियेव्स्काया यांच्याकडे. झ्मियेव्स्काया यांचे नाव तेव्हा गाजत होते ते त्यांचा शिष्य विक्टर पेत्रेन्को याच्यामुळे. १९६९ साली ओडेसातच जन्मलेला पेत्रेन्को १९८४ चा कनिष्ठ जगज्जेता, १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकविजेता आणि १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. पुरुषांच्या एकेरीत सोव्हिएत संघाला सुवर्ण कधीच मिळाले नव्हते. ते मिळाले तेव्हा संघच उरला नव्हता. पेत्रेन्कोने ते माजी प्रजासत्ताकांच्या संयुक्त पथकातून, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली जिंकले. कॅल्गरीत लाल झेंडा, आल्बेरव्हिलला पाच वर्तुळांचा आणि लिलहॅमरला निळा-पिवळा, अशा तीन ध्वजांखाली त्याने तीन ऑलिंपिक खेळले. हा पेत्रेन्को झ्मियेव्स्काया यांचा जावई. त्याने या पोरक्या मुलीच्या स्केट्सचा आणि इतर खर्चाचा भार उचलला, आणि ती झ्मियेव्स्काया यांच्या घरीच राहू लागली. राज्याने करायचा खर्च आता एका खेळाडूच्या खिशातून होत होता.

हेलसिंकीला बायूल पहिल्यांदा जगासमोर आली आणि थेट दुसरी आली. पहिली होती फ्रान्सची सूर्या बोनाली. दोघींच्या शैलीत जमीनअस्मानाचा फरक. बोनालीचा सारा भर ताकदीवर आणि उड्यांवर, तर बायूलचे हात, मान, पाठ यांत बॅले मुरलेला. दोन महिन्यांनी प्रागला हा क्रम उलटला. अमेरिकेची नॅन्सी केरिगन लघु कार्यक्रमानंतर आघाडीवर होती, पण मुक्त कार्यक्रमात ती ढेपाळली आणि पाचव्या स्थानावर घसरली. बायूल जगज्जेती झाली, बोनाली दुसरी, चीनची चेन लू तिसरी. विजेतीचे वय होते पंधरा. नॉर्वेच्या सोन्या हेनीनंतर एवढ्या कमी वयाची जगज्जेती झाली नव्हती.

लिलहॅमरच्या स्पर्धेकडे जगाचे लक्ष लागले ते वेगळ्याच कारणाने. ६ जानेवारी १९९४ रोजी डेट्रॉइटमध्ये सराव संपवून बाहेर पडणाऱ्या केरिगनच्या गुडघ्यावर एकाने दांडक्याने प्रहार केला होता. या कटाचे धागे तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग हिच्या घटस्फोटित नवऱ्यापर्यंत पोहोचले. दोघी ऑलिंपिकला आल्या आणि अमेरिकी दूरचित्रवाणीने बाकी सगळे बाजूला सारले. युक्रेनची जगज्जेती या गदारोळात जवळजवळ विसरली गेली होती. महिलांचे स्केटिंग प्रत्यक्षात झाले ते लिलहॅमरला नव्हे, शेजारच्या हामार गावात.

२३ फेब्रुवारीच्या लघु कार्यक्रमात केरिगन पहिली आणि बायूल दुसरी आली. बायूलने ‘स्वान लेक’मधला काळा हंस साकारला होता. दुसऱ्या दिवशी सरावात उलट्या दिशेने स्केटिंग करताना ती आणि जर्मनीची तान्या शेव्चेन्को एकमेकींवर आदळल्या. बायूलच्या नडगीला जखम होऊन तीन टाके पडले, पाठीलाही मार बसला. अंतिम फेरीच्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शने घेऊन ती बर्फावर उतरली. त्यासाठी ऑलिंपिक समितीची परवानगी काढावी लागली होती.

केरिगनने त्या रात्री आपल्या कारकिर्दीतला सर्वोत्तम म्हणावा असा कार्यक्रम सादर केला. तिच्यानंतर बायूल ब्रॉडवेच्या संगीतावर उतरली. तिच्या काही उड्या हुकल्या किंवा अपुऱ्या राहिल्या. चार मिनिटांचा कार्यक्रम संपत आला तेव्हा गुण कमी पडणार हे तिने ओळखले आणि अगदी शेवटच्या क्षणांत, आखणीत नसलेली तिहेरी टो लूप आणि पाठोपाठ दुहेरी ॲक्सल व दुहेरी टो लूपची जोडउडी तिने घुसवली. दमलेल्या आणि दुखऱ्या पायांनी, संगीताची लय न सोडता हे करणे ऐनवेळच्या हुशारीचे काम होते. सोळा वर्षांच्या मुलीकडून अपेक्षा करावी असे ते नव्हे.

निकालाचे गणित समजण्यासाठी तेव्हाची ६.० ची पद्धत पाहायला हवी. नऊ परीक्षक प्रत्येक खेळाडूला दोन गुण देत, एक तंत्राचा आणि एक कलात्मकतेचा, कमाल सहा. पण गुणांची बेरीज अंतिम नसे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याने लावलेला क्रम धरला जाई आणि ज्या खेळाडूला बहुसंख्य परीक्षकांनी पहिली ठरवले ती जिंके. एखाद्या परीक्षकाकडे बेरीज सारखी आली, तर मुक्त कार्यक्रमात कलात्मकतेचा गुण निर्णायक ठरे. हामारला चार परीक्षकांनी केरिगनला पहिली ठरवले, चारांनी बायूलला. नववे परीक्षक होते जर्मनीचे यान हॉफमन, स्वतः पूर्व जर्मनीचे माजी जगज्जेते. त्यांच्याकडे दोघींची बेरीज सारखी होती आणि कलात्मकतेचा गुण बायूलला जास्त होता. पाच विरुद्ध चार, सुवर्ण बायूलला. लघु कार्यक्रमाचे वजन मुक्त कार्यक्रमाच्या निम्मे असल्याने तिथली केरिगनची आघाडी पुरली नाही. चेन लूला कांस्य मिळाले.

या निकालावर तेव्हा झालेला वाद अजून पुरता विझलेला नाही. बायूलच्या बाजूचे पाच परीक्षक पोलंड, चेक प्रजासत्ताक, युक्रेन, चीन आणि जर्मनीचे; केरिगनच्या बाजूचे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि जपानचे. शीतयुद्धाची जुनी सीमारेषा जवळजवळ तशीच्या तशी उमटली, हे नाकारता येत नाही. पण त्यावरून निकाल लबाडीचा होता असे म्हणणे घाईचे ठरेल. उड्यांचा नेमकेपणा मोजला तर केरिगन सरस होती आणि नृत्य म्हणून पाहिले तर बायूल. बरोबरी झाल्यास कलेला झुकते माप द्यायचे हे नियमातच लिहिलेले होते.

पदकदानाला उशीर झाला, कारण आयोजकांना युक्रेनच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीत सापडत नव्हती. बायूल रंगभूषा नीट करत बसली आहे अशा समजुतीने केरिगनने काढलेले त्रासिक उद्गार कॅमेऱ्याने टिपले. अखेर वाजली ती केवळ चाल. संसदेने १९९२ मध्ये चालीलाच मान्यता दिली होती, शब्द कायद्याने ठरले ते २००३ मध्ये. स्वतंत्र युक्रेनचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. नियम शिथिल झाल्याने व्यावसायिक स्केटिंगमधून परतलेला पेत्रेन्को त्याच स्पर्धेत लघु कार्यक्रमानंतर नववा होता, तो चौथ्या स्थानापर्यंत चढला.

त्यानंतर बायूल व्यावसायिक झाली. ओडेसात सरावाची सोय दिवसेंदिवस बिघडत होती आणि अमेरिकेत प्रदर्शनी दौऱ्यांचे मोठे करार वाट पाहत होते. १९९४ मध्येच झ्मियेव्स्काया, पेत्रेन्को आणि बायूल कनेक्टिकट राज्यातल्या सिम्सबरी इथे नव्याने उभारलेल्या स्केटिंग केंद्रात गेले. कोवळ्या वयातला पैसा आणि प्रसिद्धी तिला झेपली नाही. जानेवारी १९९७ मध्ये मद्याच्या अमलाखाली गाडी चालवताना तिला अपघात झाला, पुढे व्यसनमुक्तीचे उपचार घ्यावे लागले. ऑलिंपिकला ती पुन्हा उतरली नाही.

युक्रेनला हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुढचे सुवर्ण मिळायला २०१४ साल उजाडले, तेही बायथलॉनमध्ये. गुणांकनाची ६.० ची पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या स्केटिंग परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर मोडीत निघाली. वरिष्ठ गटासाठी किमान वय आता सतरा आहे; या नियमाने बायूलला प्रागमध्येही उतरता आले नसते आणि हामारलाही नाही.