तंबू की घोंगडी?

चैत्रात खानदेशातून वणीच्या सप्तशृंगगडाकडे पायी जाणारे भाविक आपण पाहतो. खांद्यावर एक वळकटी, तेवढेच त्यांचे वाटेवरचे घर. लांबची वाट चालताना रात्रीच्या निवाऱ्यासाठी काय बरोबर घ्यावे? साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मुलखात समोरासमोर आलेल्या दोन सत्तांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे शोधली होती.

ऑक्टोबर १६७०. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत होते. मोगल सरदार दाऊदखान कुरेशीने त्यांना वणी-दिंडोरीजवळ गाठले. १७ ऑक्टोबरच्या लढाईत मोगलांचा पराभव झाला आणि लूट सुखरूप स्वराज्यात पोचली. या विजयाची कारणे अनेक आहेत. पण मराठ्यांच्या एकूण वेगामागे, बरोबर काय घ्यायचे नाही याचाही हिशेब होता.

मोगल बादशाहाची छावणी म्हणजे फिरते शहरच. 'ऐन-ए-अकबरी'नुसार तिचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चाले, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई. हा केवळ थाट नव्हता. दरबार आणि कचेरी त्या तंबूंतच भरे. मात्र अशा छावणीचा वेग तिच्या बैलगाड्यांवर ठरे.

मराठी फौजेतले बहुतेक लोक शेतकरी. त्यांच्या घरचे अंथरूण-पांघरूण म्हणजे घोंगडी. तेवढ्यावर भागते का? कोरड्या ऋतूत भागते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली, की जमीन व आपले शरीर यांतून उत्सर्जित होणारी उष्णता फारशी न अडता निघून जाते. म्हणून वाळवंटात आणि दख्खनच्या पठारावरही दिवसा ऊन भाजते, तर पहाटे हुडहुडी भरते. ही उष्णता अडवायला घर लागत नाही; अंगावर एक आवरण किंवा डोक्यावर झाडाची फांदीही पुरते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प शोषूनही फारशी ओली लागत नाही. त्यामुळे दवातही घोंगडी ऊब देते.

मग पावसाळ्यात काय? याचे उत्तर सभासद बखरीत सापडते. फौजेने दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी करावी आणि पावसाळ्याला छावणीत परतावे. तिथे धान्य, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असत. म्हणजे छप्पर पाठीवर वाहायचे नाही, ते लागेल तिथे आधीच बांधून ठेवायचे!

हा नियम न पाळल्यास काय होते, हे १७०२ साली दिसले. खेळणा (विशाळगड) घेऊन औरंगजेबाची फौज ऐन पावसात पन्हाळ्याकडे निघाली. सुमारे ४८ किलोमीटर अंतराला तिला ३८ दिवस लागले. चिखल, पूर आणि भिजून जड झालेले सामान यांत माणसे-जनावरे दगावली.

तेव्हा 'तंबू चांगला की घोंगडी?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणता ऋतू, किती दिवसांची वाट आणि ओझे वाहणार कोण, हे आधी विचारायला हवे.

वर्गासाठी एक प्रयोग: हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री दोन तापमापके कोरड्या गवतावर ठेवा. एक उघड्यावर, दुसऱ्याच्या वर हातभर उंचीवर चादर ताणून बांधा. पहाटे दोन्हींची नोंद घ्या. फरक का पडला, हे मुलांनाच सांगू द्या.