पक्षाघातोत्तर मध्यवर्ती वेदना
पक्षाघातात मेंदूतील संवेदनमार्गाला, विशेषतः थॅलॅमसला, इजा झाल्याने मागे राहणारे चिवट दुखणे. पॅरिसचे चेतातज्ज्ञ झ्यूल देझरीन व गुस्ताव्ह रूसी यांनी १९०६ मध्ये त्याचे वर्णन केले. झटक्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, कधी हातापायांत बळ परतत असतानाच, बाधित बाजूला आग, टोचणी किंवा झोंबरा गारवा सुरू होतो. पंख्याचा वारा, सदऱ्याच्या बाहीचा स्पर्शही सोसत नाही. कातडीवर मात्र काहीच दिसत नाही. त्यामुळे घरच्यांना ते मनाचे खेळ वाटतात, आणि हा अविश्वास रुग्णाच्या फार जिव्हारी लागतो. नेहमीच्या वेदनाशामकांचा सहसा उपयोग होत नाही. अमिट्रिप्टिलीन, लॅमोट्रिजीन या औषधांनी काहींना उतार पडतो. पूर्ण आराम क्वचितच. पक्षाघातानंतर खांदा आखडून होणारे दुखणे मात्र वेगळे, त्याचे उपचारही वेगळे.