कासरा धरणारे हात

वर्धा जिल्ह्यात श्रावण सरतो तो बैलांच्या घुंगरमाळांच्या नादात. पिठोरी अमावास्येला मोठा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा. पहिला पोळा बैलांचा नि मोठ्या माणसांचा, दुसरा मुलांचा. या दुसऱ्या पोळ्यात मुले चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढीत आणतात, रांगेत उभे राहतात, परीक्षक पाहणी करतात आणि बक्षिसे वाटतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हा निव्वळ खेळ वाटतो. परंतु जनावर लोकांपुढे कसे न्यावे, कसे उभे करावे, याची परीक्षा मुलांकडून घ्यावी, ही कल्पना युरोप-अमेरिकेत अगदी अलीकडची आहे. आपल्याकडे ती शे-दोनशे वर्षे चालत आलेली असावी, ही थोडी थांबून विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव आपण नमुन्यादाखल घेऊ. पुलगावहून आर्वीकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे १९१७ साली सुरू झाली, तिच्या वाटेवरचे हे गाव. ती गाडी आता धावत नाही. गाडी येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही पुष्कळ वर्षे या मुलखातला कापूस बाजाराला जायचा तो बैलगाडीतून. काळी कसदार जमीन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि कापसाच्या हंगामात रात्री-अपरात्री निघणाऱ्या गाड्यांची रांग. अशा ठिकाणी बैल नुसता ताकदीचा असून भागत नसे, तो चालीचाही लागे.

असा बैल या भागाने घडविलाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जातीच्या गुरांचा माहेरचा मुलूख. पांढरा किंवा फिकट करडा रंग, लांबट निमुळते तोंड, बदामी डोळे, आखूड शिंगे, अंगाने सडपातळ, पण पळण्यात चपळ. ही जात गवळी लोकांनी सांभाळली, आणि मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ मुलखातून भराभर नेण्यासाठी अशाच हलक्या, तेज बैलांची निवड होत गेली, अशी परंपरागत समजूत आहे. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडीच्या सरकारी पैदास क्षेत्राने पुढे या जातीच्या जतनाचे काम हाती घेतले.

आता मोठ्या पोळ्याकडे वळू. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसले, त्या खांद्याची ही विचारपूस. पोळ्याच्या दिवशी नांगर नाही, गाडी नाही. शिंगांना रंग, त्यांवर बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. दुपार कलली की जोड्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. वाजंत्री वाजते, झडत्या म्हटल्या जातात, प्रत्येक झडतीनंतर महादेवाचा गजर होतो आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. मग जोड्या घरोघर जातात. ओवाळणी होते, पुरणपोळीचा घास मिळतो आणि बैल नेणाऱ्याच्या हातावर बोजारा पडतो.

या सगळ्या गलबल्यात जो माणूस कासरा धरून उभा असतो, त्याच्याकडे मुलांनी नीट पाहिलेले असते. बैल बुजला तर ओढाताण करायची नाही. अंगाला अंग लावून उभे राहायचे, नावाने हाक मारायची, वशिंडावरून हात फिरवायचा. शेजारच्या जोडीचे शिंग लागणार नाही इतके अंतर राखायचे. बैल शांत राहिला की लोक बैलाची वाहवा करतात. धरणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाती अशा दिवशी खरी जोडीही कोणी देत नाही.

म्हणून तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांपैकी दुसरे रघुजीराजे यांनी १८०६ साली मुलांसाठी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८०३ सालच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड आणि पूर्वेकडे कटक प्रांत रघुजीराजांच्या हातून गेला होता. नदीच्या पूर्वेचा आर्वीचा मुलूख, आणि त्यातच रोहणा, नागपूरच्या राज्यात राहिला. राज्याचा मोठा भाग गेल्यावर राजाने मुलांच्या हाती लाकडी बैल दिले, यामागे काय विचार होता हे कागदोपत्री सांगता येणार नाही. पण ज्या राज्याची सारी मदार शेतीवर होती, तेथील मुलांना बैलाचा मान कळावा, हा हेतू सहज पटण्यासारखा आहे. पुढे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६२ साली नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. राजे गेले, कचेऱ्या बदलल्या, पण मुलांचा पोळा राहिला. वर्धा जिल्ह्यातीलच सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा तर तेथल्या भल्या थोरल्या लाकडी नंदींसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाची धांदल पाहण्यासारखी असते. माळ्यावरचा नंदी खाली येतो. पुष्कळ घरी तो बापाचा, कधी आजाचाही असतो. सुताराकडून चाक ठाकठीक करून घ्यायचे, रंगाचा हात द्यायचा, आईच्या मागे लागून झूल शिवून घ्यायची. हल्ली मुलीही तितक्याच हौसेने येतात. रांगेत उभे राहिल्यावर मात्र सगळ्यांचे एकच होते: डोळे शेजाऱ्याच्या नंदीकडे. त्याचा मोठा, आपला लहान. त्याच्या शिंगांना पितळी शेंब्या, आपल्याला नुसता कागद. परीक्षक जवळ येतात तेव्हा छाती धडधडते, दोरी हातात घट्ट आवळली जाते. ज्याला बक्षीस मिळत नाही तोही घरोघर जाऊन बोजारा मिळवतो, आणि संध्याकाळी पैसे मोजताना हार विसरतो. हरलेल्या मुलालाही ओवाळून घेणारी ही स्पर्धा आहे. असा शहाणपणा मोठमोठ्या सामन्यांतही क्वचितच आढळतो.

आता जरा दूर जाऊ. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ च्या जून महिन्यात कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जातींची साठ कुत्री आली होती आणि बक्षीस होते बंदुकीचे! मौज अशी की, पॉइंटरांच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला आला आणि सेटरांच्या परीक्षकाचा पॉइंटरांत. अशा कारभाराला शिस्त लावणे भागच होते. १८७३ साली तेथे केनेल क्लब निघाला. १८९६ साली हिंदुस्थानातही अशी संस्था स्थापन झाली. परंतु या साऱ्यांत परीक्षा कुत्र्याची. दोरी धरणाऱ्या मुलांची वेगळी स्पर्धा सुरू व्हायला १९३२ साल उजाडावे लागले. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, लेनर्ड ब्रम्बी नावाच्या व्यावसायिक कुत्रे-हाताळणाऱ्याच्या पुढाकाराने ती झाली. १९३४ पासून न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात तिला स्थान मिळाले आणि १९७१ साली अमेरिकेच्या केनेल क्लबाने तिला अधिकृत मान्यता दिली. तेथे आज नऊ वर्षे पुरी झालेली आणि अठराच्या आतली मुले त्यात भाग घेतात.

या स्पर्धेचा मुख्य नियम असा की, कुत्र्याच्या रूपाला गुण नाहीत. मुलाने त्याला डौलात उभे करावे, दात दाखवावेत, परीक्षक सांगतील तसे सरळ किंवा त्रिकोणात चालवून आणावे. परीक्षक आणि कुत्रा यांच्या मध्ये मुलाने शक्यतो येऊ नये. कुत्रा बिथरला तर रागावू नये. कारण कुत्रा चुकला म्हणून मुलाचे गुण जात नाहीत, तो चुकल्यावर मूल कसे वागते हे पाहिले जाते. रिंगणात चकचकीत कपडे घालून स्वतःकडेच लक्ष वेधणारे मूल मागे पडते. पोळ्यात कासरा धरणाऱ्या गड्याने हा नियम कोणी न सांगताच पाळलेला असतो.

मग आपल्या तान्ह्या पोळ्यात उणे काय? उणे एवढेच की नंदी लाकडाचा आहे. तो बुजत नाही, हिसका देत नाही, त्याला तहान लागत नाही. पूर्वी ही उणीव जाणवत नसे. लाकडी नंदी माळ्यावर गेला तरी गोठ्यात खरी जोडी असे, आणि चार-सहा वर्षांनी मुलाच्या हातात तिचा कासरा येई. लाकडाचा नंदी ही पहिली इयत्ता होती. आज ट्रॅक्टरने नांगरट होते, गावोगावचे गोठे रिते होत आहेत, गवळाऊची शुद्ध जोडी शोधावी लागते. पहिली इयत्ता मोठ्या थाटात भरते आणि दुसरीचा वर्गच बंद पडला आहे. याच वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि १९४२ च्या फेब्रुवारीत देह ठेवीपर्यंत त्याचाच ध्यास घेतला. त्या जिल्ह्यातल्या मुलाला बैल ओळखीचा राहावा तो केवळ रंगवलेल्या लाकडातून, हे मनाला खटकते.

उपाय काही जगावेगळा नाही. इंग्लंडात डेव्हन परगण्यातील हेमयॉक या खेड्यात १९२१ साली मुलांना वासरे वाढवायला देऊन त्यांचे एक मंडळ काढण्यात आले, आणि त्यातून तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांची चळवळ देशभर पसरली. रोहण्यासारख्या गावात तान्ह्या पोळ्याच्या रांगेशेजारी एक लहानशी दुसरी रांग का असू नये? वर्षभर स्वतः चारा-पाणी केलेले गवळाऊ वासरू घेऊन मुलांनी त्यात उभे राहावे. बक्षीस वासराच्या झुलीला नको, त्याच्या वंशावळीलाही नको. ढोल वाजू लागला की वासरू अंग चोरून ज्या मुलाच्या जवळ सरकेल, त्याला ते द्यावे. ट्रॅक्टर काही परत जाणार नाही, आणि तो जावा असे शेतात राबणाऱ्याला सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही. पण मुक्या जिवाचा विश्वास मिळविण्याची विद्या या मुलखाने फार दिवस जोपासली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती देण्याला एक वासरू, एक दोरी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा थोडा वेळ पुरेसा आहे.