विज्ञानकथा आणि वाचकाची शिफारस



पुस्तक वाचून मिटविले म्हणजे ते कोणास तरी सांगावे अशी इच्छा मनुष्यास होतेच. काव्य, नाटक, कादंबरी यांच्या बाबतीत हे काम परीक्षणकारांनी पूर्वापार आपल्याकडे घेतले आहे. विज्ञानकथेच्या वाट्यास मात्र परीक्षणकार फार उशिरा आला. तोवर तिचा प्रसार झाला तो एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती अंक देऊन, 'हे अवश्य वाचा' असे सांगितल्यामुळे. त्या सांगण्याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

अमेरिकेत हे सांगणे छापून झाले. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 1926 साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. पत्ते मिळताच वाचक परस्परांस लिहू लागले, त्यांतून मंडळे निघाली, आणि 1939 साली न्यूयॉर्क येथे त्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. आमच्याकडे तशी मंडळे जमली नाहीत. परंतु बीज त्यांच्याही आधीचे आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी 1886 साली दूर कोचीन येथे सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' मासिकात, 1900 च्या सुमारास, ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराची चंद्रप्रवासाची कथा 'चंद्रलोकची सफर' या नावाने क्रमशः येऊ लागली. ज्या मासिकातील पुस्तक-परीक्षणांचा ग्रंथकारांस धाक वाटे, त्याच मासिकाने ही सफर वाचकांपुढे ठेविली, यास मी मोठी शिफारस समजतो. पुढे 1916 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून सामान्यतः तिचाच उल्लेख होतो.

मधल्या काळात भा. रा. भागवतांनी मुलांसाठी व्हर्न मराठीत आणला. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही त्यांची पुस्तके शाळेच्या कपाटात फार दिवस टिकत नसत. मुलेच ती एकमेकांस सांगून लंपास करीत! अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने थोरांसाठी अद्भुताचे दालन उघडिले. परंतु सुशिक्षित गृहस्थाच्या मेजावर असले अंक उघडपणे क्वचितच दिसत. वाचावे सर्वांनी, सांगावे मात्र हळू आवाजात, असा तो काळ होता.

हा संकोच मोडला तो एका टोपण नावाने. मराठी विज्ञान परिषद 1966 साली मुंबईत स्थापन झाली आणि पुढे तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. 1974 च्या स्पर्धेस नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव बनविले होते; अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची नक्कल पत्नीकडून करविली होती. केंब्रिजला कीर्ती मिळविलेल्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांचे मन झुकू नये, एवढाच हेतू. माझ्या मते ह्या वाङ्मयाच्या इतिहासातील ही सर्वांत निर्मळ शिफारस होय, कारण तीत नावाचा भार तिळमात्र नव्हता. मागाहून मुकुंदराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर' मासिकासाठी नारळीकरांकडून कथा मागून घेतल्या, आणि 1975 साली कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. व्यासपीठावरून नाव निघाल्यावर मेजावर अंक ठेवण्यास कोणाची हरकत उरली नाही.

वर्धा जिल्ह्यात, बोर धरणाच्या वाटेवर, आमचे हिंगणी गाव आहे. त्या दिवसांत मासिक वर्ध्याहून कोणी आणील तेव्हाच यावयाचे. एक अंक सात-आठ घरे फिरे आणि परत येई तो कव्हराविना, समासात पेन्सिलीच्या खुणांसह. कथा कोणास आवडली हे त्या खुणांवरून कळे. पुढील वाचक तेवढेच पान आधी उघडी. ह्यास फुकट वाचन म्हणून नावे ठेवणारेही होते. पण पुस्तकांचे दुकान नाही तेथे दुसरा मार्ग कोणता? मुंबई-पुण्याच्या मंडळींस हे सहसा ध्यानी येत नाही की, ज्या लेखकाचे नाव कोणी आम्हांस सांगितले नाही, तो आमच्यापुरता जन्मासच आला नाही. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांची नावे आमच्यापर्यंत अशीच कर्णोपकर्णी पोहोचली; किती पोहोचलीच नसतील, याची मोजदाद कोण करणार?

नारळीकर 20 मे 2025 रोजी निवर्तले. 2021 सालच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांजकडे होते. म्हणजे ज्या व्यासपीठावरून सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या कथांची वाखाणणी झाली, त्याचे यजमानपद अखेर विज्ञानकथाकाराकडे आले. त्यांच्या निधनानंतर अनेकांनी मला विचारले, 'गुरुजी, आरंभ कोठून करावा?' माझे उत्तर ठरलेले आहे. इतिहासाची गोडी असेल त्यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्यावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात की, जेथे 1761 साली पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. मी स्वतः बत्तीस वर्षे वर्गात पानिपत शिकविले. पण 'असे झाले असते तर?' हा मुलांचा प्रश्न इतक्या गंभीरपणे कोणी घेतलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. मोठी कादंबरी हवी असेल तर 'वामन परत न आला'. यंत्रमानवाच्या हाती आपण काय काय सोपवीत आहो, हा विचार करणाऱ्या घरांत ती आज अधिक वाचली जावी. निरंजन घाटे यांचे 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' हे तर एका वाचनवेड्याचे आत्मवृत्त. त्यातून पुढील पुस्तकांची नावे आपोआप हाती लागतात. घरात दहा वर्षांचे मूल असेल तर भागवतांचा व्हर्न प्रथम, आणि तोही मोठ्याने वाचून दाखवावा. पाताळात उतरण्याचा प्रसंग आला म्हणजे दिवा थोडा मंद करावा.